बारकूसायबाच्या भिंतीवरलं हात

सायबाचं नाव बार्कर. आमची माणसं त्येला बारकूसायब म्हणायची, आन् माणूस व्हता म्हणं ताडमाड! कापूस पिकवायचा म्हणून कडेगावाकडच्या ह्या माळावर आला, बंगला बांधला, दुष्काळानं दमवला तसा एक दिस घोड्यावर बसून गेला. बंगला राखाय धनगराचं एक घर ठिवलं. त्ये आमचं घर. चार पिढ्या राखतोय. बंगल्यामागं दोन खोल्या आन् मेंढरांचा वाडा, एवढाच संसार. कागुद म्हणाल तर एकबी न्हाई.

आता नवा रस्ता निघालाय, त्यो बंगल्याच्या पोटातनंच. बंगला पडला की आमीबी उठलो. भरपाई मिळती कागुदवाल्याला. आमाला कोण इचारतंय?

तवा समीक्षा मॅडम आल्या. पुण्याच्या, जुन्या इमारतींच्या खात्यातल्या. पोरगी गुणाची. दारात चपला काढल्या, शेळीच्या दुधाचा च्या प्याली. म्हणाली, "बंगल्याला वारसा म्हणून मान्यता मिळाली तर रस्ता वळवावा लागेल. आमचे मोठे साहेब बघायला येतील, त्यांनी हो म्हटलं की झालं." मग ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात हिंडली, फोटो काढलं आन् गेली. कशाचं काढलं, का काढलं, एका शब्दानं बोलली न्हाई. बोलली असती तर जीभ झिजली असती का गं बाई तुझी?

मोठं सायब येणार घट बसायच्या आदल्या दिशी. आमच्यात घटाआधी दसरा काढत्यात. गोधडी, भांडं, चिंधी, समदं धुयाचं, भित्ती सारवायच्या. मळकं घर दिवीला चालत न्हाई, मग सायबाला चालंल व्हय? माझं सासरं ज्योतिबामामा म्हणालं, "औंदा बंगल्याचाबी दसरा काढायचा." माझा नवरा धनाजी कुपवाडला कारखान्यात रंगारी. त्यो ऑइलपेंटचं डबं घिऊनच आला. आकाशी रंग.

मी म्हणलं, "आवं मामा, एवढा जुना बंगला, त्येला आकाशी?"

"गप गं. दिवळाला चालतुया, बंगल्याला काय धाड भरली?"

रंगवत रंगवत मामा मागल्या भिंतीपाशी आलं आन् थांबलं. तिथं चुन्यात पंजं उमटल्यालं. बंगला पुरा झाला तवा चुना वल्ला असताना आमच्याच बायाबापड्यांनी दाबल्यालं. घर बांधून झालं की हात उमटवायचा, ही आमची रीत. कुणाचं बोट थोटं, कुणाच्या मनगटाला काकणाची खूण, एक तर तान्ह्या लेकराचा, बिब्ब्याएवढ्या बोटांचा. मामा येताजाता त्यातल्या एकावर आपला हात ठिवायचं. पणज्याचा म्हणायचं.

"ह्ये झाकाय पायजे," मामा म्हणालं. "सायबाच्या बंगल्यावर धनगराचं मळकं हात. मोठा सायब म्हणंल, राखाय दिला आन् ह्येंनीच नासला."

मला न्हाई पटलं. पर त्येंच्या तोंडाकडं बघून गप बसले. धनाजी पुट्टी भरायला निघाला तर त्येलाबी हात लावू दिला न्हाई. सोताच भरली, सोताच रंगवली.

मोठं सायब आलं. पुढला सोपा बगितला, खांब बगितलं. म्हणालं, "असे बंगले पुष्कळ आहेत. ते हात कुठे आहेत?"

मॅडम लगालगा मागं निघाली. आमी कौतुकानं तिच्या पाठोपाठ. भिंत नुसती चकाकत व्हती. तिनं तिच्यावर तळवा फिरिवला आन् मटकन खालीच बसली.

"बाबा, इथले पंजे?"

"झाकलं की!" मामा हसून म्हणालं. "आता कुठं घाण दिसतीया का सांगा."

"अहो, बंगला साहेबासाठी वाचणार नव्हता. बांधणाऱ्यांच्या हातांसाठी वाचणार होता."

मामांना पयलं कळंचना. कळलं तसं त्येंनी विळा घेतला आन् खरवडाय लागलं. पुट्टीसंगं चुन्याचंबी ढपलं पडाय लागलं. "नका, नका!" म्हणून मॅडम आरडली, तवा थांबलं. भित्तीत नुसता खड्डा पडला व्हता.

मोठं सायब काय वाईट माणूस नव्हतं. म्हणालं, "फोटो आहेत आमच्याकडे. पण वस्तूच नसेल तर मी काय लिहू?"

आमच्या खोल्यांसाठी चुना भिजत घातला व्हता. मामांनी त्यात दोन्ही हात बुडिवलं आन् सायबाम्होरं हुबं ऱ्हायलं.

"सायब, आत्ता उमटिवतो. ही राणी, ह्यो धनाजी, समदं घर उमटिवतो. त्येच हात हायती ह्ये, दुसरं कुठनं आणलं?"

सायबांनी मान खाली घातली. "तसं चालत नाही, बाबा."

"का न्हाई?"

मॅडम रडत व्हती. गाडी माळ उतरून गेली तरी मामा तसंच हुबं, चुना कोपरापातुर वघळत व्हता. चुन्यानं हात भाजत्यात, म्हणून मीच धरून हौदावर नेलं आन् धुतलं.