एक बाई जास्त

ग्रंथ साम्राज्यं उलथवतात. राजे गेले, सिंहासनं गेली, सेनापतींच्या तलवारी गंजून भंगारात गेल्या. पण एखाद्या जाडजूड पुस्तकाने माणसाच्या मनात एकदा ठाण मांडलं की पिढ्यान्‌पिढ्या जग त्याच्या तालावर नाचतं. आमच्या दादाच्या घरात ग्रंथांनी आजवर एक पलंग उलथवला आहे, आणि तोही वहिनी त्यावर झोपलेल्या असताना.

झालं असं की कपाटं भरली, टेबलं भरली, म्हणून दादाने चार बायबलं पलंगाच्या कडेला रचली. पलंगाचा पाय मोडला. आधी वहिनी खाली आल्या आणि त्यांच्या मागोमाग चारही बायबलं. दादा आतल्या खोलीतून धावत आला आणि ओरडला, ''कडी तुटली का बघ आधी!''

ही कडी पितळेची असते. दादा गोळा करतो ती खिशात मावणारी बायबलं नव्हेत. ती ख्रिस्ती घराण्यांची जुनी सचित्र बायबलं, एकेक लहान सुटकेसएवढं. चामड्याचे पुठ्ठे, सोनेरी कडा, आणि मिटल्यावर कुलपासारखी खट्‌कन बसणारी कडी. आत पानभर कोरीव चित्रं. मधोमध त्या घरातले जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहायची पानं. शेवटी जाड पुठ्ठ्याच्या चौकटी, त्यात घरच्यांचे फोटो सरकवायचे. आमच्या सात पिढ्यांत कोणी बायबल वाचलेलं नाही आणि दादाही वाचत नाही. तो चित्रं बघतो, कागद हुंगतो आणि चौकटींतल्या अनोळखी माणसांकडे तासन्‌तास पाहत बसतो. तेही त्याच्याकडे पाहतात. दाढीवाले आजोबा, टोपडं घातलेली बाळं, ओठ घट्ट मिटलेल्या बायका.

''अहो, मला एक सासू मिळाली नाही,'' वहिनी म्हणायच्या, ''म्हणून काय गावभरच्या सासवा आणून बसवल्यात?''

वहिनींना सासू मिळाली नाही, कारण आमची आई आम्ही लहान असतानाच गेली. दादा पाच वर्षांचा होता, मी पाळण्यात. बाबांनी तिचं सगळं देऊन टाकलं: कपडे, ट्रंक, फोटो, सगळं. दुःख आवरायची त्यांची ती पद्धत होती, घर आवरल्यासारखी. त्यामुळे मी आईला पाहिलेलंच नाही, आणि दादाची अवस्था माझ्याहून वाईट. त्याला तिची पाठ आठवते. ती खिडकीशी बसलेली असायची आणि हाक मारली की वळायची. वळेपर्यंतचा तुकडा त्याच्याकडे शाबूत आहे. पुढचा नाही. सत्तरी जवळ आलेला माणूस, पण एवढ्या एका गोष्टीवर बोलताना त्याचा आवाज पाच वर्षांचा होतो.

तर, दर रविवारी दुपारी जेवण करून मी दादाकडे जातो. त्या खोलीत माझी खुर्ची खिडकीत. दादाचं टेबल माझ्याकडे पाठ करून, कारण त्याला उजेड मागून लागतो. मी बाहेर बघत बसतो. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथला माणूस दर रविवारी तीच एक सायकल उलटी करून तिच्याशी भांडत असतो. दादा आपलं काम करतो, मी त्या माणसाचं बघतो, आणि मध्ये चहा येतो. याला आम्ही भावाभावांचं प्रेम म्हणतो.

गेल्या वर्षी दादाला एका बंद पडलेल्या घरातून एक बायबल मिळालं. त्याच्या मते संग्रहातलं सर्वांत देखणं. चौकटी सगळ्या रिकाम्या होत्या. बहुधा माणसं आधीच कोणीतरी काढून नेली होती. पण चित्रं एकूण एक जागेवर, आणि प्रत्येक चित्रावर झिरझिरीत पातळ कागद. हा कागद चित्राच्या रक्षणासाठी असतो. शंभर-सव्वाशे वर्षं चित्राला चिकटून राहिला की चित्रातली शाई त्याच्यावर उतरते. फिकट तपकिरी, उलटी. या छंदातली माणसं तिला सावली म्हणतात. चित्र अस्सल तिथलंच आहे की मागून कोणी घुसडलंय, हे सावलीवरून कळतं. चित्र बदलता येतं, सावली बदलता येत नाही.

दादाची तपासायची रीत अशी: टेबलावर वहिनींचा उभा आरसा ठेवायचा, कागद दोन्ही हातांच्या चिमटीत आरशासमोर धरायचा, म्हणजे उलटी सावली आरशात सुलटी दिसते. मग शेजारच्या चित्राशी एकेक आकृती ताडून बघायची. घाई करायची नाही. एका रविवारी एकच चित्र.

पहिल्या रविवारी जलप्रलय होता. पाणी चढतंय, माणसं कड्याला लटकलीयत.

''छोट्या,'' दादा म्हणाला. माझी साठी उलटली तरी त्याच्यासाठी मी छोट्याच. ''यात एक बाई जास्त आहे.''

''बुडत असेल. दिसली नसेल चित्रात.''

''बुडत नाहीये. बसलीय. पाठमोरी.''

मी सायकलवाल्याकडे बघत होतो. म्हटलं, ''पुराच्या पाण्यात बसली असेल तर भलतीच निवांत बाई आहे.''

दादा हसला नाही.

पुढच्या रविवारी योना आणि मासा. या चित्रात दोनच जण असतात, एक माशाने गिळलेला योना आणि एक मासा. तिसऱ्याचं तिथे काही कामच नसतं. दादाने कागद धरला आणि आरशाकडे वाकला. घरात एक कडी खट्‌कन वाजली. जुन्या चामड्याला ऊन लागलं की ते आकसतं आणि कड्या वाजतात, हे मला ठाऊक होतं. तरी माझी मान ताठ झाली.

''आहे,'' दादा हळूच म्हणाला. ''माशाच्या शेपटीशी. एक पाय वर घेऊन बसलीय. मानेवर अंबाडा आहे.''

मी उठून त्याच्या खांद्यावरून आरशात पाहिलं. योना होता, मासा होता.

''मला तर काही दिसत नाही.''

''नाहीच दिसायची. तू उठलास आणि ती गेली.'' त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ''तू जाग्यावर बस.''

मी बसलो.

''आली,'' दादा म्हणाला.

चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच थबकल्या. ''कोण आली?'' त्यांनी विचारलं. दादाची नजर आरशातून हलेना, तेव्हा त्या म्हणाल्या, ''एक कप जास्त करायचा असेल तर आधी सांगत जा.'' बोलल्या थट्टेने, पण कप ठेवून लगेच गेल्या. एरवी त्या माझ्याशी अर्धा तास दादाची निंदा केल्याशिवाय हलत नाहीत.

त्या आठवड्यात दादाने रोज कागद धरून पाहिले. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. त्याने मला फोन केला.

''ती तू असलास तरच येते, छोट्या.''

''कोण ती, दादा?''

त्याने फोन या कानावरून त्या कानावर घेतल्याची खरखर ऐकू आली. मग तो म्हणाला, ''मला ती पाठ माहितीय रे.''

मी आयुष्यभर टवाळकी लिहून पोट भरलं. मंत्र्यांची खिल्ली उडवली, व्याह्यांची उडवली, डॉक्टर तपासत असताना डॉक्टरची उडवली. त्या फोनवर मात्र मनात आलं ते थट्टेचं नव्हतंच. मनात आलं, दादाला निदान पाठ तरी मिळाली होती. मला काहीच मिळालं नव्हतं. आणि आता ती आलीच असेल, तर माझ्यासाठी आली होती.

त्यानंतर मी सायकलवाल्याकडे बघणं सोडलं. बसायचो खिडकीतच, पण कान दादाकडे, मग मान दादाकडे, मग अर्धा मीच. आणि सावलीतली बाईसुद्धा रविवारी रविवारी वळू लागली.

''आज गाल दिसतोय,'' सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या चित्रापाशी आल्यावर दादा म्हणाला.

''कसा आहे?''

''पुसट आहे. पण वळतेय. नक्की वळतेय.''

लाजर थडग्यातून उठून बाहेर येतो त्या चित्रात ती जवळजवळ आमच्याकडे तोंड करून होती म्हणे. दादाच्या चिमटीतला कागद सळसळत होता, कोणीतरी शेजारी कुजबुजावं तसा. मी श्वास धरून बसलो होतो. खोलीतली सगळी घराणी, दाढीवाले आजोबा आणि टोपड्यातली बाळं, श्वास धरून बसल्यासारखी वाटत होती. मला त्या क्षणी पाठीत कोणीतरी बसलंय असं वाटलं. पाठीमागे नव्हे. पाठीत.

आता एकच चित्र उरलं होतं.

''आणि तिथेही चेहरा नाही दिसला तर?'' मी निघताना विचारलं.

''तर नाही,'' दादा म्हणाला. ''मग मला कधीच आठवणार नाही. तिचा चेहरा आता फक्त माझ्यात आहे, छोट्या, आणि मलाच सापडत नाहीये. मी गेलो की संपलं.''

शेवटच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. बायको म्हणाली, ''कुणाला भेटायला चाललाय एवढं नटून?'' मी म्हटलं, ''दादाकडे.'' तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शेवटचं चित्र येशूच्या पुनरुत्थानाचं. उघडं थडगं, बाजूला सारलेली शिळा, आत काळोख. दादाने कागद उचलला आणि आरशासमोर धरला. मी खुर्ची पूर्ण फिरवून त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो. दुपारचं ऊन माझ्या पाठीवर तापत होतं.

''आली,'' दादा म्हणाला. ''समोर बघतेय. सरळ माझ्याकडे.''

''चेहरा?''

''थांब.''

''दादा, चेहरा कसा आहे?''

''काळोखात आहे रे. सगळं दिसतंय, खांदे दिसतायत, हात मानेवर ठेवलाय तो दिसतोय. चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार आहे.'' त्याचा आवाज पाच वर्षांचा झाला. ''आई, जरा पुढे ये ना.''

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, ''ये ना.'' आणि मी खुर्चीतच पुढे सरकलो.

''येतेय!'' दादा ओरडला. ''छोट्या, पुढे येतेय ती!''

तेवढ्यात दारातून वहिनींचा आवाज आला. ''भावजी, जरा माळ्यावरचा डबा काढून द्या हो. यांचे हात चालत नाहीत आणि माझे पोचत नाहीत.''

चाळीस वर्षांची सवय. वहिनींनी हाक मारली की मी उठतो. मी उठलो.

''गेली! गेली ती!'' दादा किंचाळला.

मी घाबरून खाली बसलो.

''आली!''

मी अर्धवट उठलो. ''उभी राहतेय,'' दादा म्हणाला. मी हात वर केला. आरशातल्या कागदावरच्या बाईनेही हात वर केला असणार, कारण दादाचे खांदे हळूहळू खाली आले.

वहिनींनी एकदा खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि एकदा दादाच्या हातातल्या झिरझिरीत कागदाकडे. ''अहो,'' त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, ''ही तर भावजींची सावली.''

सावलीवरून चित्राची जात ओळखणाऱ्या माणसाला उन्हातली सावली ओळखता आली नव्हती. दुसरा कोणी असता तर मी या प्रसंगावर चार पानं लिहिली असती. मानेवरचा अंबाडा म्हणजे माझी मूठ. विचार करताना मी ती तिथे ठेवतो. मी बाहेर बघायचो तेव्हा ती पाठमोरी, मी वळलो तशी ती वळली. मी पुन्हा बसलो होतो, पण मला उठून जावंसं वाटत होतं. दादाकडे बघवत नव्हतं.

दादाने कागद जपून चित्रावर ठेवला. बायबल मिटलं. कडी बसली. मग त्याने खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच तोंड केलं होतं.

''उठू नकोस,'' तो म्हणाला. ''हा पाय. असा वर घेऊन बसायला तुला कोणी शिकवलं?''

मी खाली पाहिलं. पाय खुर्चीवर होता. ''कोणी नाही. मी असाच बसतो.''

''बाबा असे नव्हते बसत. मी नाही बसत. आणि मूठ मानेवर?''

''माहीत नाही, दादा.''

''तू आठ महिन्यांचा होतास,'' तो म्हणाला. ''तू तिला बसलेली कधी पाहिलीस?''

हात मानेवरून काढावा असं वाटलं, पण काढेना. तो हात माझा आहे याची मला त्या क्षणी खात्री नव्हती. ऊन खांद्यावरून सरकत होतं. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या आणि डब्याबद्दल अक्षर काढत नव्हत्या. मला वाटलं, मी उठलो तर माझ्याबरोबर आणखी कोणीतरी उठेल, आणि नाही उठलं तर ते जास्त वाईट होईल. म्हणून मी बसून राहिलो, जसा जन्मभर बसत आलो तसा, जशी ती बसायची तसा.

दादा खुर्ची ओढत जवळ आला. गुडघ्याला गुडघा लागला. त्याने चष्मा पुसला, पुन्हा घातला. कपाळापासून सुरुवात करून तो माझा चेहरा तपासू लागला, सावकाश, एकेक रेघ ताडून. भुवयांवर थांबला. डोळ्यांवर फार वेळ थांबला. तिथे त्याचे स्वतःचे भरून आले. मग खाली नाकावर आला, नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि अडला. मान तिरकी करून पाहिली. हाताचा पंजा मध्ये धरून पाहिला.

''छोट्या,'' तो म्हणाला, ''एक काम करशील?''

''सांग ना, दादा.''

''पुढच्या रविवारी येताना तेवढी मिशी काढून ये.''