बॅगवाल्यांच्या दारातला फळा

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे. शाळेतला नव्हे, ते मोठ्या घरचे. मी बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या दुकानाच्या दारात उभा असतो. पूर्वी मी कपाटाचे दार होतो. कपाट मोडकळीला आले तेव्हा मालकांनी मला वेगळे काढले, तासले, दोन हात काळा रंग दिला आणि खाली पाय ठोकले.

रोज सकाळी कुणाकुणाची बॅग तयार झाली ते मालक माझ्यावर खडूने लिहीत. नाव मात्र कधीच लिहीत नसत. "दवाखान्यातल्या बाई, पर्सची चेन बसली. आतली अर्धी गोळी आम्ही खाल्लेली नाही." "जाड चष्मेवाले वकील, बंद नवा घातला आहे. आता तरी कागद कमी कोंबा." ज्याचे काम झाले तो वाचून आत येई. ज्याचे झालेले नसे तोही वाचून हसत पुढे जाई. 'झालं का?' असे विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. फळ्यावर आहे म्हणजे झाले, नाही म्हणजे नाही. खरे सांगतो, तेव्हा माझा रुबाब काही औरच होता.

मग मालकांचा हात थरथरू लागला. शिवताना तो कसाबसा ठरे, पण खडू धरला की अक्षर वाकडे पळे. चार ओळींच्या दोन झाल्या, दोनाची एक. रस्त्यावरची माणसेही मान खाली घालून फोन बघत जाऊ लागली. दुकान ओस पडले, तशी मालकांची लेक म्हणाली, "बाबा, सोशल मीडिया मॅनेजर ठेवू या. नाहीतर वर्षभरात कायमचं शटर ओढावं लागेल."

"तो काय करतो?"

"आपल्या दुकानाबद्दल रोज लिहितो. लोक फोनवर वाचतात."

त्यातले 'लिहितो' एवढेच मालकांनी धरले. मुलाखतीला तिघे आले, तेव्हा त्यांनी प्रत्येकाच्या हाती खडू दिला आणि माझ्याकडे बोट दाखवले. लेकीने कपाळाला हात लावला.

पहिल्याने एवढी मोठी, नक्षीदार अक्षरे काढली की दुकानाचे नावही पुरते मावेना. दुसऱ्याने "माझं सगळं काम लॅपटॉपवर असतं" म्हणून खडू परत दिला. तिसरी एक मुलगी होती. तिने आधी विचारले, "काका, यावरचं वाचतं कोण?"

"ज्याची बॅग असेल तो."

"आणि बाकीचे?"

"तेही वाचतात. दुसऱ्याची बॅग आहे म्हणून तर मजा."

तिने खडू खाली ठेवला. "मग मी माझ्या मनाचं काही लिहिणार नाही. तुम्ही सांगा, मी तुमचेच शब्द फोनवर टाकते."

नोकरी तिलाच मिळाली. मी मात्र जाम चिडलो. परीक्षा माझ्या अंगावर घ्यायची आणि पास होणारीने मलाच घरी बसवायचे, हा कुठला न्याय?

मुलगी कामाची निघाली, हे मान्य. मालक सांगत, ती टिपून घेई, बॅगेचा फोटो काढी. दोन महिन्यांत लांबलांबून माणसे येऊ लागली. दारात गर्दी होते म्हणून मला आत, कापडाच्या गुंडाळ्यांमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवले. मालकांच्या ओळी रोज कानावर पडत. अंगावर एकही उतरत नसे. खडूची ती खरखर, लिहिताना टेकणारा तो तळवा, यांची इतकी आठवण येई की सांगता सोय नाही.

एका दुपारी आमच्याच रस्त्यावरच्या शेवटच्या घरात राहणारे निवृत्त पोस्टमन आत आले. "माझी बॅग राहू द्या आता. उद्या मी पोरीकडे कायमचा चाललोय."

मालक गडबडले. "अहो, तुमची बॅग होऊन महिना झाला! आत येऊन विचारायचं तरी."

"विचारायचं कशाला? रोज दोनदा इथूनच जातो. फळा काही दिसला नाही. म्हटलं, तुमचा हात बरा नसेल, उगाच घाई कशाला करायची."

मालकांनी फळीवरून बॅग काढून त्यांच्यापुढे ठेवली. ती त्यांची टपालाची बॅग होती, तीस वर्षे खांद्यावर वागवलेली. तिचा फोटो शेकडो लोकांना आवडला होता. ज्याची होती त्याच्याकडे तसला फोनच नव्हता.

पोस्टमन बॅग खांद्याला लावून गेले. मुलगी उठली, गुंडाळ्या सरकवल्या आणि मला बाहेर काढले. "चुकलंच माझं, काका," म्हणत तिने मालकांपुढे खडू धरला. मालकांनी एक अक्षर काढले, तेही मोडले. दुसरे काढलेच नाही.

"तूच लिही गं," ते म्हणाले. "मी सांगतो."

आता मी पुन्हा दारात आहे. फोनचे कामही चालूच आहे. मुलीचे अक्षर बरे आहे, जरा घाईचे. शब्द मालकांचेच असतात. तरी मला तो हात हवा आहे, मित्रांनो. खोटे कशाला बोलू? तुम्ही एवढेच करा. कुणाच्या दारात असा फळा दिसला तर घटकाभर थांबा आणि तुमच्यासाठी काही नसले तरी वाचा. आणि तुमच्या घरातल्या कुणाचे हात थकले असतील, तर त्यांच्याकडून सगळेच काम काढून घेऊ नका.

मालकांच्या हातून आता लिहिणे होत नाही, पण पुसणे होते. दुकान उघडले की ते ओले फडके घेऊन माझ्यापाशी येतात. "द्या काका, मी पुसते," मुलगी म्हणते. ते देत नाहीत. हात थरथरतो, त्यामुळे एकेक जागा दोन-तीनदा पुसली जाते. मला घाई नसते.