आईच्या रकान्यात

छाया गेल्याचं मला कळलं तो जून महिन्यातला मंगळवार होता. समुद्रपूरच्या बसस्टँडजवळ माझं मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. मी एक मिक्सर उघडून बसलो होतो. फोन वाजला, छायाचा नंबर होता. मी म्हणालो, "झालं का काम?" पलीकडून अनोळखी माणूस बोलला, "भाऊ, हा फोन ज्या बाईचा आहे, त्या तुमच्या कोण?"

ती सकाळच्या एसटीने वर्ध्याला कॉलेजात चौकशीला गेली होती. आमच्या मुलीला, वर्षालीला, फार्मसी करायची होती आणि त्याचा खर्च कसा भागवायचा हे छायाच बघत होती. फीची सवलत सरकारकडून, वसतिगृहासाठी बँकेचं कर्ज, आणि वरखर्चासाठी कॉलेजातच दोन तास काम, असं तिने मनात बसवलं होतं. परत येताना नालवाडीच्या स्टॉपवर ती खाली बसली. दवाखान्यात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

सगळे कागद तिच्या हिरव्या पिशवीत होते. दवाखान्यातून ती पिशवी मिळाली, ती मी घरी खुंटीला अडकवली आणि उघडली नाही.

पुढे वर्षालीचा वर्ध्याच्या कॉलेजात नंबर लागला. फीच्या सवलतीचा फॉर्म भरायला आम्ही दोघं गावातल्या सेवा केंद्रात गेलो. तिथला प्रफुल नवीन होता, बाहेरगावचा. आमच्या घरचं त्याला काही माहीत नव्हतं. तो स्क्रीनकडे बघून विचारत होता, मी सांगत होतो.

"वडील हयात?"

"बसलो ना तुह्यासमोर."

तो हसला. "आई हयात?"

"हो," मी म्हणालो.

वर्षाली बाजूलाच उभी होती. मागे माणसं थांबली होती. प्रफुलने पुढचं विचारलं.

तीन आठवड्यांनी कॉलेजातून फोन आला, फॉर्म परत आलाय, लगेच या. आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. छाया गेल्यापासून मी वर्ध्याला गेलो नव्हतो. नालवाडी आली तेव्हा मी पायाशी बघत बसलो.

कॉलेजचे क्लार्क मधुकरराव, पन्नाशीचे. त्यांनी कागद पुढे केला.

"प्रभाकरराव, आई हयात आहे म्हणून लिवलं तुम्ही. मंग तिचा एकही कागद काऊन नाई जोडला?"

"ती नाई."

"नाई म्हणजे? गावाले गेली?"

"जूनमध्ये वारली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अन् तरी हो लिवलं?"

वर्षाली म्हणाली, "मीबी तिथंच होती सर. मले ऐकू आलतं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"मले विचारलं असतं तं मीबी हो म्हटलं असतं."

मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळू आवाजात सांगितलं, "दुरुस्ती होते. पण मृत्यूचा दाखला जोडा लागते. आज आणला तं बरं, उद्या साइट बंद होते. मंग पूर्ण फी भरा लागन. अन् फीच्या सवलतीचं पत्र नसलं तं बँकवाले वसतिगृहाचं कर्ज पुढं सरकवत नाई."

पूर्ण फी माझ्याच्याने होणार नव्हती. म्हणजे वर्षालीचं वर्ष जाणार होतं.

तो दाखला मी आणलाच नव्हता. वर्ध्याच्या नगरपालिकेत नोंद झाली होती, फक्त जाऊन घ्यायचा होता. छायाचा भाऊ सचिन दोनदा म्हणाला होता, भाऊजी, चला, मी येतो. मी म्हणालो, दुकान बंद ठेवता येत नाही. दुकानात त्या दिवसांत दोन पंखे आले असतील.

बाहेर येऊन मी वर्षालीला म्हणालो, "उद्या येऊ सकाळी. तिचं आधार लागन, ते घरी पिशवीत आहे."

तिने आपल्या बॅगेतून हिरवी पिशवी काढली.

"काऊन आणली?"

"तुम्ही आणली नसती म्हणून."

नगरपालिकेत दाखल्याच्या खिडकीवर एक बाई होत्या. "मयताचं नाव?"

"छाया प्रभाकर झाडे."

"तुमचं नातं?"

"नवरा."

त्यांनी तारीख विचारली. मी तारीख सांगितली आणि वेळही सांगितली. वेळ त्यांनी विचारली नव्हती. दोन तास आम्ही बाकावर बसलो. वर्षालीने दोन समोसे आणले. तिने दोन्ही मलाच खायला लावले, सकाळपासून तोंडात काही नाही म्हणाली. तिच्याही नव्हतं.

चार वाजता दाखला घेऊन कॉलेजात पोचलो. मधुकररावांनी बाजूचा कॉम्प्युटर उघडून दिला. वर्षाली बसली. तो प्रश्न समोर आला तसा तिचा हात थांबला.

"दाब," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणा आधी."

मधुकरराव दुसरीकडे बघत कागद लावत बसले.

"नाही," मी म्हणालो. "आई हयात नाही."

तिने दाबलं. दाखला जोडला, फॉर्म गेला.

"अन् मघा ते कामाचं का विचारत होती तू?" मधुकररावांनी तिला विचारलं. "कमवा आणि शिका. ज्यांना पाहिजे त्यांची नावं या वहीत आहेत. घे, लिव तुहं."

वर्षालीने वही उघडली. बराच वेळ ती एकाच पानावर होती. मी जवळ गेलो. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, वर्षाली प्रभाकर झाडे, समुद्रपूर. तारीख त्या मंगळवारची. तेव्हा पोरीचा प्रवेशही झाला नव्हता. कामाच्या रकान्यात छायाने लिहिलं होतं, "लायब्ररीत द्यावे. मुलगी पुस्तकं जपून ठेवते."

"हे खोटं आहे," वर्षाली म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती. "जेवताना पुस्तकावर वरण सांडलं की आईच बोलत होती मले."

"लिवणाऱ्यानं लिवलं आता," मधुकरराव म्हणाले. "पह्यला नंबर तुहा आहे. पण वरण घेऊन येजो नको लायब्ररीत."

ही ऑक्टोबरची गोष्ट. फॉर्म मंजूर झाला. बँकेने वसतिगृहाचं कर्ज दिलं, त्यावर सही माझी आहे. वर्षाली सकाळी दोन तास लायब्ररीत पुस्तकं लावते, मग वर्गात जाते. संध्याकाळी फोन करते आणि मी काय जेवलो ते विचारते. मी आता भाजी करतो, भात अजून चिकट होतो. हिरवी पिशवी पुन्हा खुंटीला आहे, पण आता मी ती उघडतो.

बँकेच्या फाइलमध्ये रेशनकार्डाची झेरॉक्स लागली तेव्हा साहेब म्हणाले, यात अजून तीन नावं आहेत. मी म्हणालो, करून घेतो. फॉर्म आणून ठेवला आहे, तहसील दुकानापासून पाच मिनिटांवर आहे.

रेशनकार्डावरून छायाचं नाव कमी करायचं अजून राहिलं आहे.