नऊ ताटांची तक्रार

गोपाळरावांनी तक्रारीत आकडा लिहिला तो अंदाजपंचे नव्हे, ताटं मोजून.

त्यांच्या बायकोची, कुसुमताईंची, राइस मिलच्या पोरांसाठी घरगुती मेस होती. प्रत्येकाने आपलं ताट आपण आणायचं, जेवून धुवायचं आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचं, ही त्यांची शिस्त. ताटं नऊ. पोरं शेजारी वच्छलाबाईंकडे भाड्याने. म्हणजे तिथे भाडेकरू नऊ. नगरपालिकेचा नवा नियम तर असा, की एका घरात चारांहून जास्त परके भाडेकरू असतील तर परवाना काढा, नाहीतर पंधरा दिवसांत खोल्या रिकाम्या करा. पोरांच्या मोटारसायकलींनी आणि नळावरच्या बादल्यांनी गोपाळराव वैतागले होते, म्हणून वच्छलाबाईंविरुद्ध ही तक्रार. त्यांतलीच काही पोरं दिवसा गोपाळरावांच्या ओसरीत घोरत, त्याला मात्र त्यांची ना नव्हती. वच्छलाबाईंच्या छपराचे टिन तापतात, झोपू द्या बिचाऱ्यांना, एवढं त्यांचं मन मोठं होतं.

नगरपालिकेचा कारकून विनोद चौकशीला आला. वच्छलाबाईंकडे चार खाटा, चार पेट्या निघाल्या.

"बाकीचे पाच कुठं आहेत जी?"

गोपाळरावांनी ऐटीत आपल्या ओसरीकडे बोट दाखवलं. तिथे झोपलेल्या पोरांपैकी कुंदन डोळे चोळत उठला.

"आमी इथंच राहतो जी. पाचही सिहोरा गावचे होय. रातपाळी असते. काकूले भाडं देतो."

गोपाळरावांनी बायकोकडे पाहिलं. "हे काय होय?"

"तुमी कधी पुसलंच नाही," कुसुमताई म्हणाल्या. "दोन वरसांपासून झोपून राहिले पोट्टे. तुमाले काय वाटलं?"

"मले वाटलं, तिकडचे टिन तापतात."

"हिवाळ्यातही?"

विनोदने कागदावर घराचा नंबर बदलला. पाच भाडेकरू. एक जास्त.

"एकाले काढून टाकतो," गोपाळराव म्हणाले.

"एक गेला तं पाचही जाऊ," कुंदन म्हणाला. पाच ताटं उतरली की मेस बंद, हे कुसुमताईंना सांगावं लागलं नाही. त्या आत निघून गेल्या, आणि त्या दिवशी गोपाळरावांना कोणी जेवायला हाक मारली नाही.

परवान्याला शेजाऱ्याची संमती लागते. एका बाजूला मिलची भिंत, दुसऱ्या बाजूला वच्छलाबाई. गोपाळराव कागद घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

"सही देतो न, गोपाळभाऊ," त्या म्हणाल्या. "पण ज्यानं तक्रार केली त्यानं काही म्हटलं तं? त्याले पुसून घ्या बापा आधी."

सही मात्र त्यांनी केली, ठसठशीत.

कागद घेऊन गोपाळराव नगरपालिकेत गेले. विनोद म्हणाला, "मंगळवारी सुनावणी आहे. अर्जदार पाहिजे अन् तक्रारदारही."

"दोघंही मीच होय. तक्रार मागं घेतो."

"खरी निघाली न जी ते. खोटी असती तं घेता आली असती."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं. कुसुमताईंनी भाकरी उलटवली.

"तुमी तक्रारीकडून बोला. घराकडून मी बोलतो."

"अन् मी काय बोलू?"

"तरास होते म्हणून लिहिलं न? तोच सांगा."

गोपाळराव ओसरीत जाऊन बसले. पाच पोरं झोपली होती. आपल्याच घराचा आपल्याला नेमका काय त्रास होतो, हे त्यांना मंगळवारपर्यंत ठरवायचं होतं. आणि तो फार मोठा निघू नये, याचीही काळजी घ्यायची होती.