विमानाने दोनशे अडुसष्ट किलोमीटर

बदलीचा आदेश सकाळी साडेदहाला मोजणीबाईंच्या टेबलावर आला आणि दहा पस्तीसला त्या तो घेऊन साहेबांच्या खोलीत उभ्या होत्या. रस्ते खात्यात चौदा वर्षं त्या रस्तेच मोजत आल्या होत्या. त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

घरात त्या आणि सात वर्षांचा मुलगा, दोघंच. मुलाला ऐकू येत नव्हतं आणि त्याला शिकवणारी शाळा याच शहरात होती. मूल एकटीने सांभाळणाऱ्या आईची बदली तीनशे किलोमीटरच्या पलीकडे करता येत नाही, असा खात्याचा नियम. आदेशाच्या पहिल्या कलमात लिहिलं होतं, दोन शहरांमधलं अंतर दोनशे अडुसष्ट किलोमीटर.

"साहेब, हा आकडा कुठून आणला?"

"नकाशावरून. सरळ रेषेत. विमानाने चाळीस मिनिटं."

"आणि मधला डोंगर?"

"विमान वरून जातं, बाई."

"मी नाही जात. रस्त्याने चारशे एक्केचाळीस आहेत. साडेनऊ तास. त्या रस्त्यावरचा एकेक दगड मी उन्हात उभं राहून रोवून घेतलाय. तुमचं विमान आठवड्यातून दोनदा, तेही ढग नसले तर. रस्ते खात्याने अंतर विमानाने मोजायचं म्हणजे हद्द झाली!"

कोपऱ्यात फायली लावणारे हेडक्लार्क खोकले. त्यांना सगळे काका म्हणत. "पतंगाने नाही मोजलं, हेच नशीब."

"काका, तुम्ही तुमचं काम बघा," साहेब म्हणाले.

मोजणीबाईंनी आदेश टेबलावर ठेवला आणि चौथ्या कलमावर बोट टेकवलं. "हे मोठ्याने वाचा."

"प्रवासासाठी दोन दिवस मंजूर."

"दोन दिवस कधी मिळतात?"

उत्तर काकांनी दिलं. "चारशे किलोमीटरच्या पुढे."

"म्हणजे एकाच कागदावर, एकाच सहीने, नियम लावताना दोनशे अडुसष्ट आणि गाडीत बसवताना चारशेच्या वर. यातल्या कुठल्या आकड्यात माझ्या पोराची शाळा बसवू, सांगा ना!"

साहेबांनी पेन उचललं. बाईंना वाटलं, पहिलं कलम दुरुस्त होतंय. साहेबांनी चौथ्या कलमातल्या 'दोन दिवस' या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'एक दिवस'.

"घ्या. आता जुळलं?"



"खाडाखोडीजवळ सही राहिली, साहेब," काका फायलीतून मान वर न काढता म्हणाले.

तीस वर्षांची सवय. साहेबांनी सही ठोकली, खाली तारीख टाकली.

बाईंनी कागद उचलून धरला. रेघेखालचे शब्द स्वच्छ वाचता येत होते.

"हा मी अपिलाला जोडते. चारशे एक्केचाळीस ऐकल्यावर तुम्ही काय खोडलंत, ते तुमच्याच सहीनिशी आहे यात."

साहेब खुर्चीतून उठले. "कागद इकडे द्या. बसा, बसा आधी. काढू काहीतरी मार्ग."

"मार्ग मोजूनच झालाय." त्या दारापर्यंत पोचल्या होत्या. "मुख्य कार्यालयात अपील बाराच्या आत घेतात. इथून वीस मिनिटं. रस्त्याने, साहेब."