देणारीच्या खाटेपाशी

माझं एक चाक वाकडं आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे, मित्रांनो. महाळुंग्याच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये उरलेल्या पाइपाच्या तुकड्यांतून मला वेल्डिंग करून उभं केलं. वर दोन आकडे, खाली पाच चाकं. पुढे चिंचवडच्या एका दवाखान्यात आलो. तेव्हा नर्सबाई म्हणायच्या, "हा स्टँड एकदम भारी, पाण्यासारखा पळतो." मग मशीनवाले नवे स्टँड आले आणि मी जिन्याखाली गेलो. माझ्यावर ओली फडकी वाळत घालायचे.

गेल्या वर्षी एका बाईसाठी मला बाहेर काढलं. तिचं नाव तनुजा. भावाला, शेखरला, तिने आपलं अर्ध्याहून जास्त लिव्हर कापून दिलं होतं. शेखरचं लिव्हर कशाने गेलं? बाटलीने. जमिनीच्या प्रत्येक सौद्यानंतर पार्टी. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं. दवाखान्यात नवा स्टँड त्याला मिळाला, जुना तिला. त्याच्या दारात वीस माणसं उभी, हिच्या खोलीत मी एकटा. "ती काय, धडधाकट आहे," म्हणायचे.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई रिपोर्ट घेऊन आल्या. तनुजाची आई विमलबाई तेव्हा तिथे होत्या. डॉक्टरबाईंनी सोपं करून सांगितलं, "उरलेलं लिव्हर आता भराभर वाढतंय. त्यासाठी ते रक्तातलं फॉस्फेट ओढून घेतं. बांधकाम जोरात चाललंय आणि सिमेंट संपत आलंय, असं समजा. आज हिच्या पोटात दूध, दही, पनीर जाऊ दे. संध्याकाळी परत रक्त तपासू."

विमलबाईंनी मान हलवली. डॉक्टरबाई गेल्या, दुधाचा ग्लास आला. विमलबाईंनी तो उचलला आणि बेसिनमध्ये ओतला. दुपारचं दहीसुद्धा तिथेच गेलं.

"आई, अगं ते माझं आहे," तनुजा म्हणाली.

"आमी देवाला बोललोय. शेखर घरी येस्तोवर तू दुधा-दह्याला शिवायची न्हाई. भावासाठी एवढं व्हत न्हाई व्हय?"

नवस आईचा, जीभ लेकीची! असले नवस बोलणाऱ्यांना स्वतःचा चहा मात्र सुटत नाही. विमलबाई दिवसातून चारदा पीत होत्या, दुधाचाच.

संध्याकाळी तनुजाला मोबाइल उचलवेना. हात उशीवरून निसटायला लागला. "लाड पुरे झाले, तिकडं पोरगं झुंजतंय," असं म्हणून विमलबाई शेखरच्या खोलीकडे निघाल्या. तेवढ्यात सुमनताई आत आल्या. त्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर. तनुजाचा श्वास वरच्या वर चाललेला बघून त्यांनी डॉक्टरबाईंना बोलावलं, ऑक्सिजन लावला, रक्त धाडलं. फॉस्फेट आलं शून्य पॉइंट आठ. अडीचच्या वर हवं असतं. अजून खाली गेलं असतं, तर छातीचे स्नायूच दमले असते.

बेसिनच्या कडेला दही चिकटलेलं सुमनताईंनी पाहिलं.

"मावशी, देवाला रोज दुधाने आंघोळ घालता ना? मग लेकीला घोटभर नाही?"

"तुमाला काय कळायचं देवाधर्मातलं!"

"नाही कळत. मला नाडी कळते."

फॉस्फेटची बाटली माझ्या आकड्याला लागली. हे औषध घाईने सोडून चालत नाही, थेंब थेंब द्यावं लागतं. मी हललो नाही. आयुष्यात एवढं सरळ कधी उभा राहिलो नव्हतो.

सकाळी तनुजाच्या बोटांनी चादर घट्ट धरली. तिने ग्लासभर दूध मागवलं आणि आई येईपर्यंत हातात धरून बसली. विमलबाई आल्यावर त्यांच्या देखत प्यायला लागली.

"अगं, माझ्या पोराला काय झालं म्हंजी?"

तनुजाने ओठ पुसले. "आई, मी कोणाची गं?"

विमलबाई पदर सावरत शेखरच्या खोलीकडे गेल्या. शेखर बरा झाला. गावात त्याच्या स्वागताचा फ्लेक्स लागला. त्यावर चौदा जणांचे फोटो होते. तनुजाचा नव्हता. सुमनताईंनी मोबाइलवर पाहिला आणि एक अशी शिवी हासडली, की इथे लिहिता येत नाही.

मला परत जिन्याखाली ढकललंय. माझं सोडा, मी लोखंड आहे, गंजेन. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी शरीराचा तुकडा काढून दिला, तर त्या माणसाला धडधाकट म्हणून एकटं टाकू नका. त्याच्या रक्ताचे रिपोर्ट विचारा, आपले नवस आपल्याच पोटावर करा. त्याच्या खाटेपाशी एक खुर्ची टाका, तिच्यात बसा आणि आधी विचारा, "तू जेवलीस का?"