तिरका फासा

"तिचा वाईट पडला की फासा तिरका, माझा पडला की सपाट. बरंय बुवा."

वेस कुरकुरत होता. चहाच्या खिडकीशी उभा, हातात पुदिन्याची चटणी घातलेल्या वाटाण्यांचा वाडगा, आणि तोंड पीटच्या कानाशी. खिडकीची फळी अर्धी खाली ओढलेली होती, म्हणून आत कप विसळणारी हिलरी त्याला दिसली नाही. हिलरीला मात्र त्याचं पोट दिसत होतं आणि शब्द सगळे ऐकू येत होते. पीटनं त्याला दबक्या आवाजात आवरलं. म्हणाला, तू नवा आहेस, तुला माहीत नाही, तिच्याकडे ते झालंय ना. ते म्हणजे काय, हे पीटनं सांगितलं नाही आणि वेसनंही विचारलं नाही.

हिलरीनं हातातला कप पुन्हा एकदा विसळला. तो स्वच्छच होता.

ते म्हणजे क्लाइव्ह, तिचा नवरा. फेब्रुवारीत दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही. चर्चमागच्या या हॉलमध्ये ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी तिचं नाव घेत नव्हतं. बोलताना आडवी आलीच तर 'ते झालं तेव्हा' म्हणून तिला वळसा घालायचे. गॉर्डन तर वळसाही घालत नसे. गॉर्डन म्हणजे इथला पंच, आणि मिसरूड फुटल्यापासूनचा क्लाइव्हचा दोस्त. क्लाइव्ह जरा बाहेर सिगरेट ओढायला गेलाय, आत्ता येईल, अशाच थाटात तो बोलायचा. दफनाच्या दिवशी दाराशी उभा राहिला आणि चहाच्या आधीच निघून गेला. त्याबद्दल हिलरीला तो आजवर एका शब्दानं काही बोलला नव्हता. दर शनिवारी गाडी घेऊन तिच्या दाराशी मात्र हजर.

नॉटिंगहॅममध्ये अशा हॉलना तोटा नाही. फुटबॉल सोडलं तर इथली माणसं याच एका खेळावरून कडाकडा भांडतात. लांबलचक टेबलावर पडके बुरूज, शेवाळलेले पूल, थर्माकोलचे डोंगर. आणि त्यात अंगठ्याएवढे रंगवलेले पुतळे एकमेकांच्या जिवावर उठलेले. कुणाचे राक्षस, कुणाचे सांगाडे, वेसचे दलदलीतले बेडूकतोंडे. क्लाइव्हची टोळी होती भाडोत्री बुटक्यांची. त्यांचा म्होरक्या कप्तान ब्रॅम्बल.

मार्चमध्ये हिलरी त्याच्या पुतळ्यांची पेटी कुणाला तरी देऊन टाकायला म्हणून आली होती. गॉर्डननं खुर्ची ओढली आणि म्हणाला, बस, क्लाइव्हची पाळी आहे. ती बसली. मग बसतच गेली. घरी क्लाइव्हच्या टेबलाशी बसून तिनं पातळ रंग पुतळ्यांच्या कपड्यांच्या चुण्यांत कसा उतरवायचा ते हळूहळू शिकून घेतलं. ब्रश ओठांत धरून त्याला टोक काढायची त्याची सवय. त्यावरून तिनं सगळा संसार त्याला बोल लावले होते. आता तीही तेच करायची, आणि करताना दाराकडे बघायची. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांच्या ताटात कस्टर्ड ओतायचं. तिथं तिला कुणी काही विचारत नसे. शनिवारी मात्र समोरचा माणूस विचारायचा, आता काय करणार? आणि उत्तराची वाट बघत थांबायचा.

खेळात पडलेला पुतळा लगेच मरत नाही. डाव संपला की मालकानं त्याच्या नावानं फासा टाकायचा. एक पडला तर तो कायमचा गेला. बाकी काही पडलं तर जखमा बांधून पुढच्या शनिवारी हजर. पण फासा कशाला तरी टेकून तिरका राहिला तर तो धरत नाहीत, पुन्हा टाकायचा. तिरका की सपाट हे पंच ठरवणार, आणि आकडाही त्यानंच मोठ्यानं म्हणायचा. कप्तान मेला तर टोळीच मोडते. नवी टोळी उभी करायची तर ती आपली आपण.

सगळा उन्हाळा कप्तान ब्रॅम्बल पडत होता आणि उठत होता. हिलरीला वाटायचं, आपला हात चांगला आहे. हात पुसता पुसता तिला आता एकेक आठवू लागलं. गॉर्डनची बाही फाशाला लागली होती तो शनिवार. टेबल हललं म्हणाला होता तो शनिवार. खरं तर तेव्हाही तिला दिसलं होतं. दिसलेलं तिनं घडी घालून ठेवून दिलं होतं, एवढंच.

आज तिचा डाव नेमका वेसशी होता.

वेस बस चालवायचा, डर्बीहून इकडे राहायला आलेला. वाईट माणूस नव्हता. खेळायला आला की खेळायचा. त्यानं पुतळे मांडले, मग वाकून कप्तानाकडे बघितलं. कप्तानाचा झगा एका बाजूनं लालभडक आणि दुसऱ्या बाजूनं नुसता राखाडी, रंगाआधी मारतात त्या अस्तराचा. कोरा पुतळा टेबलावर आणायचा नाही हा या हॉलचा नियम. वेसला पहिल्याच दिवशी तो ऐकवला होता.

"ह्याचं अर्धं का राहिलंय?" त्यानं सरळ विचारलं.

शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. पीटला अचानक बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

"क्लाइव्ह करतोय ते," गॉर्डन म्हणाला. "तुझी चाल."

वेसनं हिलरीकडे बघितलं. हिलरीनं टेबलाकडे. बेडूकतोंडे पुढे सरकू लागले.

डाव अटीतटीचा झाला. वेसनं ओढ्याच्या दोन्ही काठांनी तिला दाबत आणलं. पूल तेवढा मोकळा होता, आणि पुलाच्या पलीकडे त्याचे तीन भालेवाले. मागे बुरूज होता. कप्तानाला तिथं कोंडून ठेवलं तर डाव बरोबरीत सुटला असता. गॉर्डन खोकला आणि हलकेच म्हणाला की क्लाइव्ह अशा वेळी मागे येतो. क्लाइव्ह खरंच मागे येत असे. कशातही मागे येत असे, डॉक्टरकडे जाण्यातसुद्धा. हिलरीनं कप्तानाला दोन बोटांनी उचललं. तिनं त्याला पुलावर नेलं.

"नक्की?" गॉर्डननं विचारलं.

"माझी चाल आहे ना," ती म्हणाली.

कप्तानानं एक भालेवाला पाडला, दुसरा पाडला, आणि तिसऱ्यानं त्याला पाडलं. पण तोवर तिचे उरलेले बुटके ओढा ओलांडून गेले होते. डाव तिनं जिंकला. वेसनं मान हलवली, म्हणाला, चांगली खेळलात, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. टाळी मात्र कुणी वाजवली नाही. सगळे आडव्या पडलेल्या कप्तानाकडे बघत होते.

गॉर्डननं फासा तिच्यापुढे सरकवला. बुरुजाच्या कडेला टाक, तिथं मोकळं आहे, म्हणाला. तिथं मोकळं नव्हतं. तिथं दगडांचा चुरा होता, फासा हमखास टेकावा असा. हिलरीनं टेबलाच्या मधल्या हिरव्या कापडावरचे पुतळे हातानं बाजूला केले, वीतभर जागा केली आणि फासा तिथं टाकला.

तो गडगडला, एकदा उलटला आणि थांबला.

वेस वाटाण्यांच्या रिकाम्या वाडग्यात बघू लागला. पीट छताकडे.

"तिरका आहे," गॉर्डन म्हणाला. "पुन्हा टाक."

"कशाला टेकलाय?"

"कापड दुमडलंय खाली."

हिलरीनं फाशाला धक्का न लावता भोवतीच्या कापडावरून तळहात फिरवला. शाळेत ती टेबलं पुसायची तसाच, सावकाश, कडेपर्यंत. कुठंही चुणी नव्हती. मग तिनं वर बघितलं. इतके महिने तिला वाटत होतं की हे सगळे तिला सांभाळताहेत, आणि खिडकीमागे ऐकलेल्या त्या शब्दांनी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. गॉर्डनचा चेहरा बघून तिच्या ध्यानात आलं की तो तिच्याकडे बघतच नाहीये. तो पुलावर आडव्या पडलेल्या पुतळ्याकडे बघत होता, आणि त्याची हनुवटी लहान पोरासारखी हलत होती.

तिनं फासा उचलला असता, तर त्यानं काही म्हटलं नसतं. पुढचा शनिवार आला असता, त्याच्या पुढचाही. गाडी दाराशी आली असती. पुन्हा तोच पुतळा पडला असता, पुन्हा उठला असता.

"वाच, गॉर्डन," ती म्हणाली.

"हिल, राहू दे ना."

"तू पंच आहेस. वाच."

वेस उठू लागला. आपण इथं नको, असं त्याला वाटलं असावं. हिलरीनं त्याला हातानंच बसवलं. डाव तुझ्याशी होता, म्हणाली, बस.

गॉर्डननं चष्मा काढला, स्वेटरला पुसला, पुन्हा घातला. वाकला. फार वेळ वाकलेला राहिला.

"एक," तो म्हणाला.

"म्हणजे?"

हॉलच्या त्या टोकाला कुणीतरी खुर्च्या रचत होतं, तेही थांबलं. गॉर्डननं एक हात टेबलाच्या कडेवर टेकला. मग तो बोलू लागला. पंचाच्या मोठ्या आवाजात नाही, गाडीत शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा. तो म्हणाला की शनिवारी तिच्या दाराशी गाडी थांबवली की तो अजून दोनदा हॉर्न वाजवतो, कारण क्लाइव्हला बूट सापडायला वेळ लागतो. दार उघडतं आणि ती बाहेर येते. दर वेळी तीच येते. आणि दर वेळी त्याला तिचा राग येतो.

हिलरीनं हात पुढे करून त्याच्या स्वेटरची बाही धरली.

"क्लाइव्ह मेला, हिल," गॉर्डन म्हणाला. "आपला क्लाइव्ह मेला गं."